घोड्याला आजारी न पाडता त्याच्या आजाराचा अभ्यास : महाराष्ट्र मागे का?

नेसरी म्हटलं की २४ फेब्रुवारी १६७४ आठवतो. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, तो दिवस. त्या स्वारांचं स्मारक इथे आहे. त्यांच्या घोड्यांबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो. घोड्यांच्या आरोग्याबाबत आजही तेच चाललंय.

धोका काय?

घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो. भरधाव पळताना प्रत्येक झेपेला एक श्वास असतो. फुप्फुसाला संसर्ग झाला की धाव थांबते आणि मालकाची कमाईही. मातीत राहणारा ‘ऱ्होडोकॉकस इक्वी’ हा जिवाणू काही महिन्यांच्या शिंगरांना न्यूमोनिया करतो. औषधांना दाद न देणारे त्याचे प्रकारही सापडले आहेत. ग्लँडर्स तर त्याहून घातक. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा आढळला. त्यावर लस नाही आणि तो माणसालाही होतो, म्हणून बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं.

प्रयोगशाळेतलं मॉडेल म्हणजे काय?

मेलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतल्या पेशी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून हवा. काही आठवड्यांत पेशींवर हलणारे बारीक केस येतात, चिकट स्रावही सुटतो. मग त्यावर जिवाणू सोडायचे. ते कुठे चिकटतात, आत कसे शिरतात, कोणतं औषध लागू पडतं, हे पाहता येतं. त्यासाठी जिवंत शिंगरू आजारी पाडावं लागत नाही.

मर्यादा आहेतच. या पडद्यात रक्ताभिसरण नाही. ऱ्होडोकॉकस फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्ये लपतो, त्यामुळे त्या पेशीही मॉडेलमध्ये घालाव्या लागतात. शेवटची चाचणी घोड्यावरच होईल, पण कमी घोड्यांवर.

आपण काय करावं?

घोड्यांवरच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र हरियाणात हिसारला आहे. पण मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. मुंबई-पुण्याला रेसकोर्स, पुण्याच्या आसपास स्टड फार्म, माथेरानला पर्यटकांचे घोडे. मेलेल्या घोड्यांच्या पेशी, मालकाच्या संमतीने, जपून ठेवणारी एक पेशीपेढी राज्यानं उभारावी. सुरुवात शिंगरांच्या न्यूमोनियापासून व्हावी, कारण ग्लँडर्सच्या जिवाणूसाठी अतिसुरक्षित प्रयोगशाळाच लागते.

‘माणसांच्या दवाखान्यात औषधं नाहीत, घोड्यांवर खर्च कशाला?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण नेसरीच्या शिवारात कुणाला साप चावला, तर दवाखान्यात दिलं जाणारं प्रतिविष घोड्याच्याच रक्तापासून बनलेलं असतं. हाफकिन संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलं. १९६६ मध्ये सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची मुळंही पूनावालांच्या स्टड फार्ममध्येच आहेत. घोड्यानं आपल्याला रक्त दिलं. त्याचा श्वास नीट चालावा म्हणून एक प्रयोगशाळा मागणं, हे काही फार मोठं मागणं नाही.