गुडघे जपून बमलेश्वरी
छत्तीसगडमधल्या भिलाईत मराठी घरी पाहुणे आले, की मैत्रीबाग पाहून झाल्यावर बेत ठरतो डोंगरगडचा. दुर्गहून नागपूरच्या दिशेनं जाताना राजनांदगावनंतर हे स्टेशन येतं. माँ बमलेश्वरीचं मोठं मंदिर डोंगरमाथ्यावर. वाट हजारावर पायऱ्यांची. धडधाकट मंडळींनी पहाटेच चढावं, ऊन तापण्याआधी उतरावं. आजी-आजोबांसाठी रोपवे आहे; पण तो चालू आहे ना, याची चौकशी आधीच करावी. नवरात्रात तिथंही लांबलचक रांग लागते. गुडघे कुरकुरत असतील तर हट्ट नको. पायथ्याशी छोटी बमलेश्वरी आहे. तिथं ओटी भरली तरी देवी तीच! वेळ उरलाच, तर जवळच्या प्रज्ञागिरीवरची भव्य बुद्धमूर्ती तरुणांनी जरूर पाहावी.