गोठ्याचे शेण आणि ओढ्याचे पाणी

दुभती जनावरे पाळणे हा शेतकऱ्याचा मोठा आधार आहे, याविषयी दुमत नाही. भाताचे पीक वर्षातून एकदा हाती येते. दुधाचे पैसे रोज येतात. तथापि या धंद्याच्या एका बाजूकडे आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. गोठ्यातील शेणमूत शेवटी जाते कोठे, ही ती बाजू होय.

एका म्हशीचे रोजचे शेण 15 किलो धरले, तरी दहा म्हशींच्या गोठ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत 18 टन शेण जमते. उकिरडा उघडा व उतारावर असला, म्हणजे त्याचा सारा कस पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यास मिळतो. शेण कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते व मासे गुदमरतात. त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ व जलपर्णी माजतात. नायट्रेट विहिरीत झिरपते. ते फार झाले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. जे शेतात सोने, तेच पाण्यात विष ठरते.

मुंबईने हा अनुभव आपल्याआधी घेतला आहे. शहरातील तबेले हलविण्यासाठी 1949 साली आरे येथे दुग्धवसाहत वसविण्यात आली. पुढे 1976 साली शहरांत गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. तरीही दहिसर, ओशिवरा, मिठी या नद्यांत कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याबरोबर तबेल्यांचे शेणही जात राहिले. तबेला हलविल्याने शेण नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारी जाते.

आसनगावच्या परिसरातील पाणी भातसेत, भातसेचे काळूत आणि काळूचे उल्हासेत जाते. वाटेत अनेक पाड्यांवरील बाया उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा करून हंडा भरतात. तानसा व भातसा ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील गावे टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी वाहते पाणी नासविणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे, अन्यायाचा आहे. स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करणाऱ्या धष्टपुष्ट मेंढरांना यहेज्केल संदेष्ट्याने 34व्या अध्यायात दोष दिला आहे. तो दोष आपणांस लागू नये.

उपाय अवघड नाहीत. गोठा धुण्यापूर्वी शेण कोरडेच उचलावे. खताचा खड्डा ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर, भोवती बांध व वर छप्पर घालून करावा. धुण्याचे पाणी वैरणीच्या तुकड्यास द्यावे. गुरांना ओढ्यात न सोडता हौदावर पाणी पाजावे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे पालापाचोळा व शेण यांपासून उत्तम खत करण्याची रीत सिद्ध केली, तीस शंभर वर्षे होत आली. गोबरवायूने चूलही पेटते व खतही हाती राहते. राबासाठी शेण जाळणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

परंतु पक्का खड्डा व वायुयंत्र यांचा भार एकट्या गरीब शेतकऱ्यावर टाकणे योग्य नाही. मुंबईस आपले दूधही हवे व पाणीही हवे. मग या खर्चातही तिचा वाटा असावा. दूधसंघांनी व सरकारने तो वाटा पोहोचवावा, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर गोठ्यापासून पाण्याची वाट कोठवर जाते, ती पायी चालून पाहावी व वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलावे. दुधात पाणी घालणे पाप, हे आपण जाणतो. पाण्यात शेण घालणे त्याहून लहान पाप नव्हे.