डेट्रॉइटची माघार आणि तळेगावचा हिशेब

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्या मोटारींवर २५ टक्के आयातकर लादला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पूर्वसुरींनी चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के कर बसविला होता. जगाला खुल्या व्यापाराचे धडे देणारे राष्ट्र स्वतःच्या मोटारउद्योगाभोवती भिंत उभारीत आहे, हे पाहून आमच्या काही मित्रांना मनस्वी आनंद झाला. वाशीतील एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने तो बोलूनही दाखविला. ‘साम्राज्यवादी भांडवल आता स्वतःच्याच ओझ्याखाली वाकते आहे,’ असे त्याचे म्हणणे होते. त्या आनंदात आम्हाला सहभागी होता आले नाही. बैठकीच्या खोलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर तळेगाव आहे, आणि हे भांडवल तेथून जाताना कोणाला वाकवून गेले ते आम्ही पाहिले आहे.

अमेरिकी मोटारकंपन्यांचा आणि मुंबई परिसराचा संबंध आजचा नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुट्या भागांची जुळणी करून मोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. फोर्डही त्याच सुमारास आली होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना येथे खरोखर उत्पादन करावयाचे आहे त्यांनीच राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे स्थान नाही. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र राहिली. तिनेही प्रथम क्रायस्लर या अमेरिकी कंपनीचाच हात धरला होता. पुढे ती इटलीच्या फियाटकडे वळली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील ‘पद्मिनी’ने मुंबईच्या टॅक्सीला चार दशके रूप दिले. त्यांतील शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली.

समाजवादी म्हणविणाऱ्यांनी कुर्ल्याची आठवण काढताना थोडे प्रामाणिक असले पाहिजे. संरक्षणाची भिंत तेथेही होती, आणि तिच्या आड काय झाले? ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिला आणि गाडीत मात्र पिढी उलटली तरी नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. परवाना हीच मालमत्ता झाली. संशोधन करण्याची गरज कोणाला? डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या साह्याने मारुती बाहेर पडली आणि काही वर्षांतच पद्मिनी व अँबॅसेडर या दोघींचे दिवस भरले. संरक्षणाच्या काळात कामगारांनी लढून मिळविलेले वेतन खरे होते. त्या वेतनामुळे कारखाना बुडाला ही मालकांची आवडती कथा आम्हाला मान्य नाही. संरक्षणातून मिळालेला नफा नव्या यंत्रांत आणि नव्या आराखड्यांत गेला नाही, हे बुडण्याचे कारण होते. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आज इमारती उभ्या आहेत.

नेमके हेच डेट्रॉइटमध्ये मोठ्या प्रमाणावर घडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी ग्राहक कमी इंधन पिणाऱ्या जपानी मोटारीकडे वळला, तेव्हा तेथील तीन बड्या कंपन्यांनी सरकारचे दार ठोठावले. १९७९ मध्ये क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली. १९८१ मध्ये जपानला वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा ‘स्वेच्छेने’ मान्य करावी लागली. त्या ‘स्वेच्छे’चा परिणाम असा की, जपानी कंपन्या अमेरिकेतच कारखाने काढू लागल्या, १९८२ मध्ये होंडा ओहायोत आली आणि १९८३ मध्ये निस्सान टेनेसीत. दक्षिणेकडील अनेक राज्यांत कामगार संघटनांना थारा नव्हता, हे नंतरच्या कंपन्यांनी नेमके हेरले. स्पर्धक दाराबाहेर ठेवावयाचा होता, तो घरात येऊन बसला.

त्या दिवसांतील एक घटना आमच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला दोघा गोऱ्या माणसांनी बेसबॉलच्या दांडक्याने इतके मारले की तो चार दिवसांनी मरण पावला. मारणाऱ्यांपैकी एक मोटारकारखान्यात पर्यवेक्षक होता, दुसरा कामावरून कमी झालेला. जपान्यांमुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असा त्यांचा राग असल्याचे साक्षीदारांनी सांगितले. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकी होता. राज्याच्या न्यायालयाने दोघांना तुरुंगात पाठविले नाही. तीन हजार डॉलर दंड आणि परिवीक्षा एवढ्यावर सोडले. मालकांनी तीस वर्षे ज्या यंत्रांची उपेक्षा केली, त्यांचा हिशेब एका तरुणाच्या डोक्यावर फेडला गेला. परप्रांतीय आणि परदेशी यांच्याकडे बोट दाखविणारे राजकारण आपल्या शहरातही कमी नाही, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आता तळेगावकडे येऊ. १९९० नंतर अमेरिकी कंपन्या पुन्हा भारतात आल्या. फोर्डने १९९५ मध्ये महिंद्रांशी भागीदारी करून नाशिकच्या कारखान्यातून ‘एस्कॉर्ट’ ही युरोपात जुनी होत चाललेली गाडी काढली. जनरल मोटर्सने गुजरातेत हालोलला ‘ओपेल अ‍ॅस्ट्रा’ आणली. दोघींचा समज असा की, भारतीय मध्यमवर्ग परदेशी नावाला भुलेल. त्याच वेळी कोरियाची ह्युंदाई मद्रासजवळ छोट्या गाडीची तयारी करीत होती. १९९८ मध्ये ‘सॅन्ट्रो’ आली आणि बाजाराचा कौल त्यातून स्पष्ट झाला.

सप्टेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सने तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नवा कारखाना सुरू केला. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेली. वर्ष उलटण्याच्या आत, १ जून २००९ रोजी, अमेरिकेतील मूळ कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. अमेरिकी सरकारने जवळपास ५० अब्ज डॉलर ओतून आणि नव्या कंपनीचे सुमारे ६० टक्के भाग घेऊन तिला वाचविले. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात हे राष्ट्रीयीकरणच होते. फक्त तो शब्द उच्चारण्याची बंदी होती. आणि कंपनी सावरताच सरकारने आपले भाग विकून टाकले, तेही तोट्यात. त्या धामधुमीत भारतातील व्यवसायाचा अर्धा वाटा शांघायच्या सरकारी मोटारकंपनीला देण्यात आला, पुढे २०१२ मध्ये पुन्हा ताबा घेण्यात आला. मालक बदलत होते, आराखडे कधी कोरियातून तर कधी चीनमधून येत होते. २०१३ मध्ये ‘तवेरा’ या गाडीच्या उत्सर्जन-चाचण्यांतील लबाडी उघड झाली आणि एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या सर्वांत तळेगावच्या कामगाराचा दोष कोणता?

जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, मे २०१७ मध्ये, येथील विक्री बंद करीत असल्याची घोषणा झाली. हालोलचा कारखाना त्याच शांघायच्या कंपनीकडे गेला. तळेगावला निर्यातीसाठी ठेवले गेले. २०१६-१७ या वर्षात कंपनीने देशात सुमारे २६ हजार गाड्या विकल्या होत्या आणि सुमारे ७० हजार परदेशी धाडल्या होत्या, मुख्यतः मेक्सिको व लॅटिन अमेरिकेकडे. याचा अर्थ येथील कामगार जगाच्या बाजारात चालणारी गाडी चालू मजुरीत बनवून दाखवीत होता. तरीही डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये, साथीच्या ऐन दुसऱ्या लाटेत, सुमारे चौदाशे कामगारांना ‘ले-ऑफ’च्या नोटिसा मिळाल्या.

जनरल मोटर्सने त्याच वर्षांत युरोपातील ओपेल विकली, दक्षिण आफ्रिका सोडली, ऑस्ट्रेलियातील होल्डन हे नाव पुसून टाकले. फोर्डने २०१८ मध्ये अमेरिकेतील साध्या मोटारी जवळपास बंदच करण्याचे ठरविले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविल्याची घोषणा केली. या कंपन्या स्पर्धेत हरल्या असे म्हणणे अपुरे आहे. जेथे स्पर्धा आहे तेथून त्या उठल्या आणि जेथे नफा राखीव आहे तेथे जाऊन बसल्या. ती राखीव जागा म्हणजे अमेरिकेतील अवजड ‘पिकअप’ गाड्यांची. हलक्या ट्रकांवरील २५ टक्के आयातकर १९६४ पासून चालत आलेला आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर बसविलेल्या कराला उत्तर म्हणून तो आला. कोंबड्यांचे भांडण कधीच विसरले गेले, कर राहिला. साठ वर्षे या एका भिंतीच्या सावलीत डेट्रॉइटचा नफा वाढला आहे. आता तीच भिंत साऱ्या मोटारींभोवती फिरविली जात आहे. विद्युत मोटारीच्या बाबतीत चीन जेथे पोहोचला आहे तेथे पोहोचण्यासाठी याचा उपयोग होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी कुर्ल्याचा इतिहास वाचावा.

पैसा नव्हता असेही नाही. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकी मोटार कामगार संघटनेने तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप केला आणि सुमारे साडेचार वर्षांच्या करारात २५ टक्के वेतनवाढ मिळविली. हा भार आम्हाला झेपणार नाही, असे सांगणाऱ्या जनरल मोटर्सने नोव्हेंबर संपण्यापूर्वीच स्वतःचे दहा अब्ज डॉलरचे भाग बाजारातून परत विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. २०१५ साली भारतासाठी जाहीर झालेल्या रकमेच्या दहापट रक्कम भागधारकांच्या खिशात, तीही एका निर्णयाने!

तळेगाव घेण्यासाठी प्रथम एक चिनी कंपनी पुढे आली होती. सीमेवरील तणावानंतर केंद्राची परवानगी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये तो करार संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. माणसे त्या यादीत नव्हती. कारखाना गेला तेव्हा यंत्राला नवा मालक मिळाला आणि यंत्र चालविणारा फाटकाबाहेर आंदोलन करीत बसला. याउलट फोर्डचा साणंद येथील कारखाना टाटांनी ७२६ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा पात्र कामगारांना सामावून घेण्याची तरतूद करारातच होती. दोन्ही विक्रींत मालक अमेरिकी होता आणि देशाचा कायदाही एकच होता. फरक पडला तो वाटाघाटीच्या टेबलावर कोणती अट ठेवली गेली यामुळे. तळेगावची जमीन महामंडळाची आहे. भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर महामंडळाची संमती लागते. ती संमती देताना कामगारांना सामावून घेण्याची अट घालणे राज्य सरकारला अशक्य होते काय? आमच्या मते ती घालता आली असती. नवी गुंतवणूक बिचकेल या भीतीने ती घातली गेली नाही.

नवी मुंबईच्या वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजू ठाऊक आहे. येथील शेतकऱ्याची जमीन सिडकोने घेतली तेव्हा तोही हिशेबात नव्हता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढा, जानेवारी १९८४ मध्ये जासईला सांडलेले रक्त, आणि त्यानंतर मिळालेले साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व हा येथील घराघरांतला इतिहास आहे. ज्याची जमीन गेली त्याचा तिच्या पुढच्या किमतीत वाटा असतो, हे आपण सरकारकडून मान्य करवून घेतले. दहा-बारा वर्षे ज्याने श्रम दिले त्याचा त्या कारखान्याच्या विक्रीत वाटा का नसावा, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हाला सापडलेले नाही. आणि आमची उमर तीच पुस्तके शिकविण्यात गेली.

ह्युंदाईचे स्वागत करावे की विरोध, असाही प्रश्न आम्हाला विचारला जातो. कारखाना पुन्हा चालू झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी ‘व्हेन्यू’ तळेगावात बनते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये या कंपनीने भारतीय गुंतवणूकदारांकडून २७ हजार ८७० कोटी रुपये गोळा केले, त्यातील नव्या भांडवलाचा एक रुपयाही येथील कंपनीत आला नाही. मूळ कोरियन कंपनीने आपले भाग विकले, पैसा तिकडे गेला. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘टेस्ला’चे दालन उघडले, तेथील अमेरिकी गाडी शांघायमध्ये तयार झालेली होती. भांडवलाला देश नसतो याचा दाखला म्हणून ते दालन कार्यकर्त्यांनी एकदा बाहेरून पाहून यावे. आत जाण्याचे कारण नाही.

तेव्हा डेट्रॉइट जगेल की बुडेल यावर पैजा लावण्यापेक्षा आपल्यासमोर तातडीचे काम निराळे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला बंदीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. आता ती अट तीनशे कामगारांपासून पुढे लागू आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग आणि यंत्रे बनविणारे शंभर ते तीनशे कामगारांचे कारखाने किती, त्यांपैकी किती जमिनी महामंडळाच्या भाडेपट्ट्यावर आहेत आणि गेल्या पाच वर्षांत किती हस्तांतरे कोणत्या अटींवर झाली, याची माहिती विभागवार गोळा करावयास हवी. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. रबाळे, महापे, तुर्भे येथील शाखांनी येत्या महिन्यात अर्ज द्यावेत. भाडेपट्टा-हस्तांतराच्या प्रत्येक संमतीत कामगारांना सामावून घेण्याची अट असावी, ही मागणी घेऊन महामंडळाच्या कार्यालयात जाताना ते कागद हातात असले पाहिजेत.