निसर्ग जुळवून घेतो म्हणे!

गणपतीला देवगडजवळच्या आमच्या गावी गेले होते. रात्री पडवीत विषय निघाला तो आंब्याचाच. मोहोर उशिरा आला, अवेळी पावसाने गळला, उरल्यासुरल्या फळांत साका. काका सुपारी कातरत म्हणाले, "होतं गं. निसर्ग जुळवून घेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता इथे भांडते. (चुलतभाऊ काकांना हे वाचून दाखवतो, ठाऊक आहे मला!)

'जुळवून घेणे' म्हणजे नव्या सुनेसारखं थोडं सोसलं की झालं, असं आपल्याला वाटतं. शरीराचं तसं होतंही. कडक उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत माणसाला लवकर घाम सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं. पण त्याला मर्यादा आहे.

निसर्गाचं जुळवून घेणं वेगळंच. इंग्लंडमधल्या त्या प्रसिद्ध पतंगांचं बघा. मँचेस्टरला 1848 मध्ये काळा पतंग नोंदवण्याइतका दुर्मीळ होता; 1895 पर्यंत शंभरातले सुमारे 98 काळे. गिरण्यांच्या काजळीने झाडं काळवंडली होती. पण एकही पांढरा पतंग काळा झाला नाही हो! पांढरे उठून दिसले, पक्ष्यांच्या पोटात गेले. काळे उरले. वर्षाला एक पिढी, म्हणजे सत्तेचाळीस पिढ्या मरून मग 'जुळलं'. तेही आधीपासून थोडे काळे होते म्हणून.

आता आपला हापूस. प्रत्येक कलमाचं मूळ रायवळाचं, पण वरची फांदी हापूसचीच. म्हणजे बागभर एकच झाड शेकडो वेळा. निसर्गाने निवडायचं तरी कशातून?

निवड रायवळात आहे. कोयीतून उगवलेलं प्रत्येक झाड निराळं. कुणी आधी मोहोरतं, कुणी उशिरा. वेगळेपणाची किंमत काय, तर नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याला 'रत्ना' झाला, त्यात साका होत नाही.

आणि काका, पाणंदीकडचे दोन जुने रायवळ यंदा तोडून तुम्ही तिथे कलमं लावणार आहात! निसर्गावर भरवसा ठेवायचा आणि त्याच्या हातातलं सामान काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

असो. दिवाळीला येतेय. झाडं उभी असतील तर लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलू, नसतील तर मी भांडेन.