वैमानिकाची साठी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण अमेरिकेच्या विमान खात्याच्या कानी कोणी घातली कोण जाणे! पण 1960 पासून 2007 च्या डिसेंबरपर्यंत तेथील प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाला साठ वर्षे पुरी होताच कॉकपिट सोडावे लागे. कायदाच तसा होता. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार पुढच्या हिशेबाविषयी आहे. सारी हयात बँकेत पेन्शनचे कागद तपासण्यात गेल्यामुळे गप्प बसवत नाही.

आमच्या बँकेत शेवटच्या दहा महिन्यांच्या पगाराची सरासरी काढत आणि 33 वर्षे नोकरी झाली असेल तर तिच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून देत. कर्मचाऱ्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. त्यासाठी त्याच्या हयातीत काही कापले जात नसे. अमेरिकी वैमानिकांच्या जुन्या योजनांचा पायाही असाच होता : अखेरच्या वर्षांतील सरासरी पगार, नोकरीची वर्षे आणि ठरलेली टक्केवारी. पत्नीची सोय मात्र नवऱ्याच्या पेन्शनमधून कापून केली जाते. ती नाकारायची असल्यास 1984 च्या कायद्यानुसार पत्नीची लेखी संमती लागते. ही अट मला फार आवडली. आपल्याकडे किती बायकांना नवऱ्याच्या पेन्शनचा कागद निदान पाहायला मिळतो?

खरा घोटाळा होतो तो कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर. यूएस एअरवेज 2002 मध्ये गेली आणि 31 मार्च 2003 रोजी तिच्या वैमानिकांची पेन्शन योजना बंद झाली. अशा वेळी 1974 च्या कायद्याने स्थापन झालेले सरकारी विमा महामंडळ पेन्शन देते, पण त्याच्या हमीला मर्यादा असते. 2003 साली ती पासष्टाव्या वर्षी पेन्शन घेणाऱ्याला वर्षाला 43,977 डॉलर होती. साठाव्या वर्षी घेणाऱ्याला तिच्या 65 टक्के, म्हणजे 28,585. जो लवकर घेतो तो अधिक वर्षे घेतो, हे गणित मला मान्य आहे. पण हा गृहस्थ आपखुशीने लवकर घरी बसला होता काय? सरकारच्या एका हाताने त्याला साठीला उठवले आणि दुसऱ्याने ‘पाच वर्षे आधीच आलात’ म्हणून कापून घेतले!

समवयस्क पत्नीसाठी निम्म्या पेन्शनची तरतूद केली की आणखी दहा टक्के जातात. उरतात सुमारे 25,727. तो गेल्यावर तिच्या हमीचे 12,863. योजनेच्या तिजोरीत पुरेसा पैसा उरला असेल, तर काहींना हमीहून अधिक मिळते, एवढाच दिलासा.

वैमानिकांचे पगार भले मोठे, त्यांच्यासाठी कशाला हळहळायचे, असे कोणी म्हणेल. पण त्या पगाराच्या वाटाघाटींत ही पेन्शन मोबदला म्हणूनच धरलेली होती. निवृत्तीचे वय कायदा ठरवतो तेथे विम्यानेही तेच वय पूर्ण धरायला हवे होते.

पुढे 2007 साली मर्यादा साठावरून पासष्टावर गेली. ज्यांची साठी आधीच उलटून गेली होती, त्या बहुतेकांना तिचा उपयोग झाला नाही.