वर्गातील मत आणि वर्गातील प्रचार

शिक्षकाने वर्गात राजकारण करू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुमत होते ते राजकारण कशास म्हणावे, याविषयी. मराठवाड्यास हा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीत ‘वंदे मातरम्’ म्हणणे हेही राजकारण ठरले. १९३८ मध्ये त्यापायी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांस आश्रय दिला. हिप्परगा व अंबाजोगाई येथे अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी त्याच वर्षी सत्याग्रह करून कारावास पत्करला. आज नांदेडच्या विद्यापीठास त्यांचेच नाव आहे. सत्तेच्या सोयीसाठी घातलेले बंधन कसे असते, हे आपण पाहिले आहे.

विद्यार्थ्याच्या हितासाठी घातलेले बंधन मात्र निराळे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस १९६७ च्या वर्तणूक नियमांन्वये पक्षाचे सदस्यत्व व निवडणूक प्रचार वर्ज्य आहे, आणि ते योग्यच आहे. मतदान केंद्रावर हाच शिक्षक बसतो. परंतु शिक्षकास राजकीय मतच नसावे, असा याचा अर्थ नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १७१ ने माध्यमिक व त्यावरील शिक्षकांस विधान परिषदेवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड जिल्ह्यातील अनेक खेड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तारास १९९४ उजाडले. हा इतिहास वर्गात सांगणे म्हणजे राजकारण काय? मुळीच नव्हे. ज्यांची घरे जळाली आणि ज्यांनी ती पेटविली, त्या दोघांचीही नातवंडे आज एकाच बाकावर बसत असतील. त्यांच्यासमोर मौन पाळणे हीदेखील एक बाजू घेणेच होय.

मग सीमा कोठे आखावी? श्रोता सभेतून उठून जाऊ शकतो. विद्यार्थी तासातून उठू शकत नाही, आणि त्याचे गुण शिक्षकाच्या हाती असतात. जेथे एकेका गुणावर भवितव्य तोलले जाते, त्या ‘लातूर पॅटर्न’च्या प्रदेशात हे विसरून चालणार नाही. शिक्षकाच्या मताविरुद्ध सप्रमाण उत्तर लिहिणाऱ्या मुलास पूर्ण गुण मिळतात काय, हीच खरी कसोटी. मिळत असतील तर ते अध्यापन. नसतील तर तो प्रचार.

आणि नियम शिक्षकापुरताच नसावा. निवडणूक आली की शिक्षकांना प्रचारास जुंपणारे संस्थाचालक व पुढारी मोकळे, आणि वर्गात प्रामाणिक प्रश्न विचारणारा शिक्षक चौकशीस पात्र, हा न्याय नव्हे.