छातीवरचं मराठी

सिंहस्थ जवळ आला की नाशकात टोप्या, जाकिटं आणि टी-शर्टांच्या ऑर्डरी निघतात. स्वयंसेवक, अन्नछत्रं, आरोग्य पथकं, सगळ्यांनाच छातीवर आपल्या संस्थेचं नाव हवं असतं. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. शहरातल्या कारागिरीवरच्या या सदरातून त्याआधी एक मागणी करायची आहे: त्या छातीवरचं मराठी नीट भरलं जावं.

हा आग्रह कशासाठी, ते कळायला ‘त्र्यंबकेश्वर’ हा एक शब्द कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर भरताना बघावा. इंग्रजी छापील अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेघेला धरून असतात. दंडाचे टाके आडवे पडतात, रेघेचे उभे, आणि टाका ज्या दिशेला पडतो त्या दिशेला कापड आवळलं जातं. त्यामुळे पडद्यावर रेघेला चिकटलेला दंड कापडावर सुटतो आणि मध्ये बारीक फट दिसते. जाणता पंचिंगवाला, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाईल आखणारा कारागीर, दंड मुद्दाम रेघेच्या आत थोडा चढवून घेतो, आधी अक्षरं भरतो आणि शेवटी पूर्ण शब्दावरून एकसलग रेघ घेतो. ‘त्र्यं’मध्ये तीन व्यंजनं दाटीवाटीने बसलेली. तिथे टाक्यांची गर्दी झाली की दोरा तुटतो, कधी सुईसुद्धा. आणि अनुस्वार! कॉलरच्या टी-शर्टाच्या जाळीदार विणीत तो मिलिमीटरभराचा ठिपका बुडून जातो. तो वर राहावा म्हणून आधी पायाचे टाके घालावे लागतात, कधी कापडावर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म अंथरावी लागते. एवढं केलं तर तो दिसतो. नाही केलं तर ज्योतिर्लिंगाचं नाव चुकीचं लिहून माणसं गर्दीत फिरतात.

हे सगळं डोकं पंचिंगचं आहे. सुईने कुठून निघायचं, कुठे वळायचं, दोरा कुठे तोडायचा, हे पंचिंगवाला ठरवतो. मशीन फक्त ऐकतं. चित्र टाकून बटण दाबलं की फाईल आपोआप तयार करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण मराठीसाठी ती बहुतेकदा छपाईचा फाँट तसाच टाक्यांत उतरवतात. छपाईची शाई कापडाला ओढत नाही, दोरा ओढतो.

दर मात्र ठरतो हजार टाक्यांवर. छातीवरच्या साध्या लोगोला पाच ते दहा हजार टाके लागतात, आणि मशीन मिनिटाला ६०० ते १,००० टाके घालतं. गिऱ्हाईक म्हणतं, टाके कमी करा, भाव कमी करा. टाके कमी केले की अक्षरांतून खालचं कापड डोकावतं. पंचिंगचे वेगळे पैसे द्यायला तर लोक सरळ नकार देतात. वास्तविक ते काम एकदाच होतं आणि पाचशे कपड्यांवर उमटतं. चुकलं तर पाचशेही चुकतात. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणीच्या पदरावर मोर विणणाऱ्या हाताचं मोल आपल्याला कळतं. टाक्यांचा नकाशा आखणाऱ्याला तेवढाच मान द्यायला काय हरकत आहे?

कुंभमेळा प्राधिकरणाला आणि महापालिकेला हे सहज सोपं करता येईल. सिंहस्थाचं बोधचिन्ह आणि देवनागरी नाव एखाद्या चांगल्या कारागिराकडून पंच करून घ्यावं: टोपीसाठी एक माप, छातीसाठी एक, पाठीसाठी एक. सुती, होजिअरी आणि जाड जाकिटाच्या कापडासाठी वेगवेगळ्या फाईली कराव्यात आणि त्या शहरातल्या प्रत्येक जॉबवर्कवाल्याला मोफत द्याव्यात. त्या कारागिराला त्याचा पूर्ण मोबदला मिळावा.

मंडळांनी आणि कंपन्यांनी तोपर्यंत थांबायची गरज नाही. माल सुरू करण्याआधी, ज्या कापडावर काम होणार त्याच कापडावर एक नमुना भरून मागा. तो दोनदा धुवा, मग हातभर अंतरावरून वाचा. काना, मात्रा, अनुस्वार जागेवर असतील तरच पुढच्या कपड्यांना होकार द्या, आणि बिलात पंचिंगची ओळ वेगळी लिहायला सांगा.